आधी निदान, मग सुई!

वाचकहो, आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी येते. वाटेत खुडूस फाट्याला गोल रिंगण होते, वेळापूरच्या शिवेवर माउलींचा धावा होतो आणि दुसऱ्या दिवशी ठाकूरबुवांच्या समाधीपाशी पुन्हा रिंगण रंगते. अश्व धावून गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला एकच झुंबड उडते. घोड्याला एवढा मान देणारा आपला मुलूख आहे.

पण सोहळा पंढरीकडे सरकला की आपल्या दावणीच्या घोड्यांचे काय? वरातीची सजवलेली घोडी आहे, धनगराच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारे तट्टू आहे, अकलूजच्या घोडेबाजारातून हौसेने आणलेले शिंगरू आहे, वीटभट्टीवरचे गाढव आहे. यांच्यापैकी कुणी आजारी पडले की बहुतेक ठिकाणी एकच उपचार ठरलेला असतो. ‘‘नाक गळतंय? मारा एक सुई. खोकतंय? मारा सुई. खाईना झालंय? अहो, कोनाड्यात मागची बाटली शिल्लक असंल बघा, ती मारा!’’

ही जी सुई मारली जाते ती बहुधा प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायोटिकची असते. हे औषध मोठ्या कामाचे आहे. ते नसते तर साध्या जखमेनेही जनावरे दगावली असती. पण रोग ओळखण्याआधी मारलेली सुई तिहेरी नुकसान करते. घोड्याला ती अपाय करू शकते, औषधाची ताकद घालवते आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खरा रोग झाकून टाकते. झाकलेला रोग पुढे बाजारात फिरतो, पाणवठ्यावर जातो आणि एखाद वेळी माणसाच्या घरातही शिरतो. म्हणून हा विषय एकट्या घोडेमालकाचा नाही. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि बाजार समिती यांनाही तो तितकाच लागू आहे.

लक्षण एक, रोग चार

घोड्याला ताप आहे आणि तो मान टाकून उभा आहे, कुणाचे नाक गळते, कुणी खोकतो. एवढ्यावरून तुम्ही काय ओळखाल? हे चार रोग पाहा. लांबून ते एकमेकांसारखे दिसू शकतात, पण प्रत्येकाचा इलाज निराळा आहे.

पहिला म्हणजे घोड्यांचा फ्लू. हा विषाणूचा रोग आहे. २००८ साली जम्मूकडील कटरा येथे ही साथ उठली आणि पाहता पाहता देशाच्या अनेक राज्यांत पसरली. कोरडा खोकला, ताप आणि नाकातून पातळ पाणी ही याची लक्षणे. प्रतिजैविक विषाणूला मारत नाही. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा हे आपण पाहिले आहे. लम्पीही विषाणूचाच रोग. तो सुयांनी नव्हे, तर लसीकरणाने आणि जनावरे वेगळी बांधल्याने आटोक्यात आला. फ्लू झालेल्या घोड्याला मुख्यतः विश्रांती हवी, धूळ नसलेली जागा हवी आणि भिजवलेला चारा हवा. नंतर छातीत जिवाणूंची लागण झालीच, तर डॉक्टर प्रतिजैविक देतील.

दुसरा रोग स्ट्रँगल्स. हा जिवाणूचा रोग असून तो जास्त करून तरण्या जनावरांना होतो. ताप येतो, जबड्याखालच्या गाठी सुजतात, पिकतात आणि फुटतात, नाकातून घट्ट पिवळा पू येतो. यात पेनिसिलिन लागू पडते, पण ते केव्हा द्यायचे यालाच महत्त्व आहे. गाठ पिकायला लागली असताना सुई मारली तर गाठ अर्धवट दबते आणि सुई थांबताच पुन्हा डोके वर काढते. अशा वेळी गरम पाण्याचा शेक देऊन गाठ पिकू देणे, ती फुटल्यावर जखम स्वच्छ ठेवणे आणि जनावर वेगळे बांधणे हाच बहुधा मुख्य उपचार असतो. श्वास कोंडत असेल किंवा ताप उतरतच नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एक तासही वाया न घालवता डॉक्टर गाठावा.

तिसरा रोग सर्रा. हा रक्तातल्या परजीवीमुळे होतो आणि चावऱ्या मोठ्या माश्या तो पसरवतात. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. घोडे वाळत जाते, पायांवर आणि पोटाखाली सूज येते. यावर प्रतिजैविकाच्या दहा सुया मारल्या तरी उपयोग नाही, कारण याचे औषधच निराळे आहे. पण मधल्या काळात ताप आपोआप उतरला की मालकाला वाटते, ‘‘सुई लागू पडली!’’ आणि खरा उपचार लांबणीवर पडतो. एका घोड्याला टोचलेली सुई तशीच दुसऱ्याला टोचली तर हा रोग सुईतूनही जाऊ शकतो.

चौथा रोग ग्लँडर्स. याची गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याकडे आपण पुढे येणार आहोत. तूर्त एवढेच ध्यानात ठेवा, की यात सुई मारायचीच नसते.

आता सांगा, चार रोग आणि कोनाड्यातली बाटली एक. तुमचा नेम बसणार कसा?

घोडा म्हणजे गाय नव्हे

आपल्याकडे गाई-म्हशींच्या औषधाचा अनुभव दांडगा आहे. तोच अनुभव घोड्याला लावला जातो आणि तिथे घात होतो. गाय रवंथ करते, घोडा करत नाही. घोड्याचा चारा पचतो तो मागच्या मोठ्या आतड्यात, आणि पचवतात ते तिथले कोट्यवधी उपकारक जिवाणू. प्रतिजैविक पोटात किंवा रक्तात गेले की रोगाच्या जिवाणूंबरोबर हे कामाचे जिवाणूही मरू शकतात. मग घोड्याला पाण्यासारखी हगवण लागते. ती इतकी जोरदार असू शकते की दोन-तीन दिवसांत धडधाकट जनावर आडवे होते. मूळ दुखणे नाकाचे, आणि जीव जातो पोटाने.

म्हणूनच इतर जनावरांना किंवा कोंबड्यांना चालणारी काही औषधे घोड्याला घातक ठरतात. लिंकोमायसिन आणि टायलोसिन ही त्यांतली दोन नावे लक्षात ठेवा. एन्रोफ्लॉक्सासिन हे औषध गुरांना आणि कोंबड्यांना सर्रास दिले जाते, पण वाढत्या शिंगराच्या सांध्यांतल्या कूर्चेला ते अपाय करू शकते. जेंटामायसिन पाणी कमी पडलेल्या घोड्याच्या मूत्रपिंडाला बाधते. प्रोकेन पेनिसिलिन फक्त स्नायूत द्यायचे असते. ते चुकून शिरेत गेले तर घोडा बिथरतो, उधळतो, कोसळतो आणि प्रसंगी जागेवर मरतो. सुई टोचणारा माणूसही त्यात सापडतो.

कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असू शकते. कोंबडीला ते चालते, पण घोड्याच्या हृदयाला ते विष आहे आणि थोड्या मात्रेनेही घोडा दगावतो. ‘‘पोल्ट्रीचं खाद्य उरलंय, घालू घोडीच्या खुराकात’’ असे कधीही करू नका.

माप चुकले तर

बरे, रोग जिवाणूचाच आहे आणि औषधही योग्य आहे असे समजू. पुढचा प्रश्न मापाचा. औषधाचे माप जनावराच्या वजनावर ठरते, बाटलीच्या आकारावर नाही.

घोड्याचे वजन काट्याविना काढण्याची एक सोपी रीत आहे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबीही मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि येईल त्या आकड्याला ११,८८० ने भागा. उत्तर साधारण किलोत येते. समजा, घेर १६० आणि लांबी १५० सेंटीमीटर भरली, तर वजन ३२३ किलोच्या आसपास येईल.

घोड्यासाठी प्रोकेन पेनिसिलिनचे पुस्तकातले नेहमीचे प्रमाण किलोमागे २२ हजार युनिट धरले जाते. म्हणजे या घोड्याला एका वेळी ७१ लाख युनिट लागतील. तुम्ही ४० लाखांची एक बाटली टोचून मोकळे झालात, तर गरजेच्या निम्म्याहून थोडेच जास्त औषध पोचले. त्यात कमकुवत जिवाणू मरतात. जे दांडगे असतात ते टिकतात, वाढतात आणि त्या औषधाला दाद देईनासे होतात. हा हिशोब कळावा म्हणून दिला आहे, हे वाचून स्वतः टोचण्यासाठी नाही. किती, कितीदा आणि किती दिवस द्यायचे हे डॉक्टरांनी जनावर पाहूनच ठरवायचे.

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना त्यांनीच सावध केले होते, की अपुऱ्या मात्रेने जिवाणू मरत नाहीत, उलट औषध पचवायला शिकतात. पुढे १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि हे औषध खेड्यापाड्यांपर्यंत पोचण्याची वाट मोकळी झाली. औषध पोचले, पण त्यासोबत द्यायची समज मागेच राहिली.

दाद न देणारे हे जिवाणू घोड्याच्या अंगात कोंडून राहत नाहीत. ते लिदीतून उकिरड्यावर जातात, खरारा करणाऱ्याच्या हातावर येतात, जखमेच्या पुवातून पसरतात. जनावरांची आणि माणसांची बरीच प्रतिजैविके एकाच कुळातली आहेत. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जागतिक अभ्यासात मांडला आहे. यात घोड्यांचा वाटा किती हे कुणी वेगळे मोजलेले नाही आणि तो मोठा असेल असेही नाही. पण गावच्या विहिरीत प्रत्येकाने ‘‘माझ्या एका बादलीनं काय होतंय’’ म्हणत घाण पाणी ओतले तर विहिरीचे काय होईल? प्रतिजैविक हे तसेच सामाईक पाणी आहे.

सुई का मारली जाते?

दोष एकट्या मालकाला देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. लग्नसराईत घोडीवाल्याच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात. घोडी आठ दिवस बसली तर सुपारी परत करावी लागते, खुराक मात्र चालूच असतो. मेंढपाळाचा वाडा आज इथे तर उद्या दुसऱ्या शिवारात. त्याच्या तट्टाला दवाखान्यात सलग पाच दिवस कोण नेणार? बाजाराला चार दिवस उरलेले असताना घोड्याचे नाक गळाले तर भाव पडतो. मग ‘‘बाजारापुरतं सुकवा’’ अशी मागणी होते.

दुसरे कारण असे, की घोडी कमी झाली आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती ३ लाख ४० हजारांच्या आसपास उरली. जनावरे कमी झाली की त्यांच्यावर हात बसलेले डॉक्टरही कमी होतात. दिवसभर गाई-म्हशी तपासणाऱ्या डॉक्टरांपुढे घोडा क्वचितच येतो. चार-पाच गावांचा भार असलेला दवाखाना हाकेच्या अंतरावर नसतो. अशा पोकळीत सुई घेऊन फिरणारा कुणीही ‘डॉक्टर’ होतो.

तिसरे कारण, औषध सहज मिळते. कायद्याने प्रतिजैविक हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायचे औषध आहे. वरच्या पायरीच्या काही प्रतिजैविकांसाठी २०१४ च्या मार्चपासून ‘एच-१’ अनुसूची लागू झाली. ती औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि औषधाचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपायची असते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे जनावरांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकाने करायचे, आणि पदविकाधारकाने किरकोळ सेवा त्याच्या देखरेखीखाली द्यायच्या. कागद असा पक्का आहे. गल्ल्यावर मात्र ‘‘जनावराचं द्या हो, चिठ्ठी कशाला’’ एवढ्यावर काम भागते.

आपल्या सरकारने हात अगदीच बांधून घेतले आहेत असे नाही. कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या उपायांतले औषध. २०१९ साली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याच्या वापरावर केंद्राने बंदी घातली. युरोपात २०२२ च्या जानेवारीपासून आणखी कडक नियम लागू झाले. तिथे पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय जनावराला प्रतिजैविक देता येत नाही आणि ‘आजारी पडू नये म्हणून’ कळपाच्या कळपाला देण्याची वाटही बंद झाली. पण युरोपात नियमाच्या मागे डॉक्टर उभा आहे. आपल्याकडे आधी डॉक्टर दारापर्यंत आणावा लागेल, तरच नियमाला जीव येईल.

झाकलेला ग्लँडर्स

आता त्या चौथ्या रोगाकडे येऊ. ग्लँडर्स घोडा, गाढव आणि खेचर यांना होतो. नाकातून चिकट, पिवळसर-हिरवट स्राव येतो, नाकाच्या आत गाठी आणि व्रण होतात, पायांवर ओळीने गाठी उठून फुटतात. गाढवाला तो झपाट्याने मारतो, घोड्यात मात्र महिनोन् महिने धुमसत राहू शकतो. या रोगावर लस नाही. आणि तो माणसाला होतो. जनावराची निगा राखणारा, जखम धुणारा, शेजारी झोपणारा माणूस यात सापडू शकतो.

२००६ साली हा रोग महाराष्ट्रात पुन्हा आढळला आणि त्यानंतर इतर राज्यांतही सापडत गेला. तेव्हा ‘तो जुन्या काळातला रोग’ म्हणून सोडून देता येणार नाही.

ग्लँडर्समध्ये जनावरावर उपचार करायचे नसतात, असा नियम आहे. तो निर्दय वाटेल, पण त्यामागे कारण आहे. याचे जिवाणू पेशींच्या आत दडून बसतात. पेनिसिलिनला तर ते जुमानतच नाहीत. दुसऱ्या काही औषधांनी लक्षणे दबतात, नाक सुकते, घोडा बरा दिसू लागतो, पण रोग आतच राहतो. असा ‘बरा’ दिसणारा घोडा विकला जातो, दुसऱ्याच्या दावणीला बांधला जातो आणि तिथे रोग पेरतो. म्हणून संशय येताच रक्ताचा नमुना तपासणीला पाठवायचा. हरियाणातील हिसार येथे १९८५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही तपासणी करते. रोग पक्का झाला तर जनावराला वेदना न देता मारून खोल पुरावे लागते.

मालकाच्या पोटात इथेच गोळा येतो. सरकारी भरपाईची तरतूद आहे, पण ती चांगल्या घोड्याच्या बाजारभावाच्या जवळही जात नाही. रोग सांगितला तर घोडा जातो, लपवला तर निदान विकता तरी येतो, असा हिशोब गरीब माणूस करणार. हा हिशोब बदलायचा असेल तर भरपाई वाढवावी लागेल आणि ती लवकर हातात पडावी लागेल. सरकारदरबारी हे ठणकावून सांगितले पाहिजे. पण मालकानेही दुसरी बाजू पाहावी. त्याच घोडीला चारा घालणारा त्याचा मुलगा असतो. लपवलेल्या रोगाची किंमत कधी कधी घोड्यापेक्षा फार मोठी पडते.

गावाच्या हातात काय आहे?

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ हा कायदा गावकारभाऱ्यांनी एकदा जरूर वाचावा. अनुसूचित रोगाचा संशय आला तर मालकाने ग्राम अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचे आणि तिथून ते जवळच्या पशुवैद्यकापर्यंत पोचायचे, अशी साखळी त्यात आखून दिली आहे. आजारी जनावर वेगळे बांधण्याची जबाबदारी मालकाची. सरकारने नियंत्रित क्षेत्र जाहीर केले की तिथले जनावरांचे बाजार, जत्रा आणि प्रदर्शने बंद होतात. २०२२ साली लम्पीत बाजार बंद पडले तेव्हा किती घरांची चूल अडली हे आपण विसरलेलो नाही. एका लपवलेल्या घोड्यापायी सगळा घोडेबाजार बंद पडावा असे कुणाला वाटेल?

यासाठी फार पैसा लागत नाही. बाजाराच्या आणि यात्रेच्या जागी सामाईक हौदाऐवजी ज्याने त्याने आपली बादली वापरावी. स्ट्रँगल्स आणि ग्लँडर्स हे दोन्ही रोग दूषित पाणी, बादल्या आणि गव्हाणी यांतून पसरतात. बाजाराच्या दारात पशुवैद्यकाकडून ताप, नाक आणि जबड्याखालच्या गाठी तपासून घ्याव्यात. संशयित जनावरासाठी एका कडेला स्वतंत्र जागा आधीच राखून ठेवावी. आत घेतलेल्या प्रत्येक जनावराची मालकाच्या नावानिशी नोंद ठेवावी, म्हणजे पुढे रोग निघाला तर माग काढता येईल. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतली घोडी, तट्टे आणि गाढवे मोजून यादी करावी, वीटभट्ट्या आणि उतरलेले वाडे यांतून वगळू नयेत. ग्रामसभेत औषध दुकानदारांनाही बोलवावे आणि चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक न देण्याबद्दल सर्वांसमक्ष बोलून घ्यावे.

घोडेमालकांनो, एवढे करा

घोडे मलूल दिसले की पहिल्यांदा ताप मोजा. गुदद्वारात लावायचा साधा तापमापक घरात असावा. मोठ्या घोड्याचा ताप फॅरनहाइटमध्ये साधारण ९९ ते १०१ असतो, आणि स्वस्थ उभा असताना तो मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो. घोडे बिगर कामाचे, वेगळे बांधा. त्याची बादली, खरारा आणि लगाम निराळे ठेवा. त्याची निगा शेवटी करा आणि साबणाने हात धुवा.

मग दवाखान्यात जा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. हा फोन निःशुल्क आहे आणि त्यावरून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा मागता येते. फोनवर चार गोष्टी नीट सांगा: ताप किती, कधीपासून, नाकातून काय येते आणि आधी कुठली सुई मारली आहे का. शेवटची गोष्ट लाजून लपवू नका. आधी काय टोचले हे कळले नाही तर तपासणीचा निकालही चुकू शकतो.

डॉक्टर आले की त्यांना विचारा, ‘‘डॉक्टरसाहेब, रोग कुठला वाटतो? हे औषध प्रतिजैविक आहे का? किती दिवस द्यायचं?’’ यात त्यांचा अपमान नाही. आणि त्यांनी ‘‘याला सुई नको, आठ दिवस आराम द्या’’ असे सांगितले तर ‘‘सुई न देणारा कसला डॉक्टर!’’ म्हणू नका. फी सल्ल्याची असते, सुईची नव्हे. सुई न मारण्यासाठीही ज्ञान लागते.

औषध सुरू केले की सांगितलेले दिवस पुरे करा. दोन दिवसांत घोडे तरतरीत झाले म्हणून मध्येच सोडू नका आणि आपल्या मनाने वाढवूही नका. हगवण लागली तर लगेच कळवा. दर वेळी नवी सुई वापरा. उरलेली बाटली कोनाड्यात, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, दवाखान्यात परत द्या. ती गाईला तर मुळीच टोचू नका, कारण तिचे अंश दुधात उतरतात आणि ते दूध आपल्याच पोरांच्या पेल्यात जाते. कुठल्या तारखेला कुठले औषध किती दिले हे एका वहीत लिहून ठेवा. घोडे विकताना ती वही दाखवा आणि विकत घेताना मागून घ्या.

नवे जनावर बाजारातून आणले की तीन आठवडे जुन्या घोड्यांपासून लांब बांधा. आणि सुई लागूच नये अशी तजवीज करा. धनुर्वाताची लस वेळेवर टोचून घ्या, कारण घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि नालेच्या खिळ्याची जखमही त्याला पुरते. तबेला कोरडा ठेवा, माश्या आवरा, खोगिराने पडलेली जखम चिघळण्याआधी धुवा. लस, खरारा आणि कोरडी जागा यांनी टळलेला आजार सगळ्यांत स्वस्त पडतो.

वाचकहो, घोडा मुका आहे. त्याला काय होते हे तो सांगू शकत नाही, म्हणून आपल्याला ते शोधावे लागते. शोधायचा कंटाळा आला की हात कोनाड्याकडे जातो. पुढच्या खेपेला तुमच्या घोडीचे नाक गळेल तेव्हा त्या बाटलीआधी १९६२ आठवा. आणि गावकारभाऱ्यांनो, पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या. आषाढात ज्यांच्या टापांची माती आपण कपाळी लावतो, त्या जातीच्या जनावराचे एवढे देणे तरी आपण लागतो.